स्वातंत्र्याची तारीखसुद्धा ठरली होती

२४ मार्च २०१६. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी हा दिवस मुक्रर केला होता, तोही त्यावरच्या सार्वमताच्या दहा महिने आधी!

ब्रिटनपासून शांततेने वेगळं व्हायची इतकी बारकाईने केलेली तयारी माझ्या तरी वाचनात दुसरी नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आणि स्कॉटिश सरकारचे प्रमुख ॲलेक्स सॅमंड यांनी एडिंबरा करारावर सह्या केल्या. सार्वमत घ्यायचा मार्ग कायद्याने मोकळा झाला. निकाल काहीही लागो, दोन्ही सरकारं तो मानणार, हेही ठरलं.

मला सगळ्यात भावते ती मतपत्रिकेवरच्या प्रश्नाची गोष्ट. ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याला तुम्ही सहमत आहात का?’ असा स्कॉटिश सरकारचा मसुदा होता. निवडणूक आयोगाने तो सामान्य लोकांना वाचायला देऊन तपासला. ‘सहमत आहात का’ म्हटलं की उत्तर ‘हो’कडे झुकतं, म्हणून ते शब्द काढायला सांगितले. सरकारनेही ऐकलं! उरलं एवढंच: ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’

नोव्हेंबर २०१३ मध्ये स्कॉटिश सरकारची साडेसहाशेहून जास्त पानांची श्वेतपत्रिका आली. पेन्शन, सैन्य, पासपोर्ट, सगळं त्यात होतं. चलनाचा मुद्दा मात्र कच्चा राहिला, असं माझं मत. पौंड सामायिक ठेवायची योजना होती, पण लंडनने साफ नकार दिला.

१८ सप्टेंबर २०१४ ला १६-१७ वर्षांच्या मुलामुलींनीही मत दिलं. मतदान ८४.६ टक्के! ५५.३ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. दुसऱ्याच दिवशी सॅमंड यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.