अक्षरांमागचे हात

मशिदीत मूर्तीला स्थान नसते. तेथील शोभेचा मोठा भार अक्षरे वाहतात. दिल्लीतील कुव्वत-उल-इस्लाम मशिदीची कमानींची भिंत याचा ठळक दाखला होय. कुतुबुद्दीन ऐबकाच्या काळात, ११९८ च्या सुमारास उभारलेल्या या भिंतीवर कुराणातील वचनांचे पट्टे कोरलेले आहेत आणि त्या अरबी अक्षरांमधून नागमोडी वेली फिरल्या आहेत. या वेलींचे वळण येथल्या देवळांच्या कोरीवकामातले आहे. मशिदीसाठी सत्तावीस देवळांचे साहित्य वापरल्याचे पूर्वद्वारावरील लेखच सांगतो. तो इतिहास झाकण्याचे कारण नाही. परंतु पाथरवटांचा इतिहासही त्याच दगडांत आहे.

अक्षरांची आखणी जाणकार लेखनिकाने करून दिली असावी; छिन्नी धरणाऱ्यास ती लिपी बहुधा वाचता येत नसावी. तरीही अक्षराचा तोल कोठे ढळलेला दिसत नाही. पुढे इल्तुतमिशाने भिंत वाढविली, तेव्हा मात्र वेल मागे सरून भौमितिक आकृती पुढे आल्या.

शेजारच्या कुतुबमिनारावर वीज पडल्यानंतर १३६९ मध्ये फिरोजशाहाने दुरुस्ती करविली. त्या वेळच्या नागरी लेखात विश्वकर्म्याच्या कृपेचा उल्लेख असून नाना, साल्हा ही कारागिरांची नावे आहेत. सुलतानांची नावे आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. ज्यांच्या श्रमाने ती अक्षरे टिकली, त्यांची ही दोन नावे शिकविण्यास कोणती अडचण आहे?