बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला : एक राजवाडा आणि एक बाळंतपण

बुऱ्हाणपूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाला केळी, यंत्रमाग आणि माव्याची जिलेबी आठवते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तापीच्या काठावरचा शाही किल्ला आठवतो. आमच्या फोपनार परिसरातील मंडळी बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी वा रुग्णाला घेऊन बुऱ्हाणपुरास वरचेवर जातात. परंतु या किल्ल्याच्या आत पाऊल टाकलेले फारच थोडे. वैद्यकीय व्यवसायातील व्यक्तीने तर ही वास्तू अवश्य पाहावी, असे मला वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

फारुकी ते मोगल

खानदेशच्या फारुकी घराण्यातील नासिर खान याने इ. स. १४०० च्या सुमारास हे शहर वसविले आणि खुलदाबादचे सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. पैलतीरावरील जैनाबाद हे संत जैनुद्दीन यांच्या नावाचे. नदीकाठच्या या वाड्याची उभारणी दुसऱ्या आदिल खानाच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली, असे मानले जाते. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे प्रमुख ठाणे बनले. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो अजमेरकडे जाताना येथे थांबला व शाहजादा परवेझ याच्या दरबारात हजर झाला. पुढे उदगीरच्या विजयानंतर १७६० मध्ये शहर पेशव्यांकडे, त्यानंतर शिंद्यांकडे व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांकडे गेले.

काय पाहावे?

नावाने किल्ला असला तरी हा मुळात राजवाडाच होय. नदीपात्रातून पाहिले असता त्याचे एकावर एक चढत गेलेले मजले लक्षात येतात. पुष्कळ भाग ढासळला आहे. दिवाण-ए-आम व दिवाण-ए-खास यांच्या केवळ खुणा उरल्या आहेत. परंतु शाही हमाम, म्हणजे स्नानगृह, आजही प्रेक्षणीय आहे. त्याच्या छतावरील वेलबुट्टीचे रंग इतक्या पावसाळ्यांनंतरही पूर्ण मावळलेले नाहीत. शहराला पाणी मिळे ते कुंडी भंडाऱ्यातून. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी विहिरींच्या रांगेने व भूमिगत बोगद्याने, केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणण्याची ही इराणी पद्धत खानखाना अब्दुर रहीम याच्या काळात, १६१५ च्या सुमारास येथे अमलात आली. शहराच्या आरोग्यासाठी योजिलेली अशी व्यवस्था आपल्या देशात विरळाच.

जवळच १५८८-८९ च्या सुमाराची जामा मशीद आहे. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, हे मुद्दाम पाहावे.

१७ जून १६३१

खानजहान लोदीच्या बंडामुळे शाहजहान १६३० मध्ये सैन्यासह बुऱ्हाणपुरास आला. त्याच काळात गुजरात व दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. याच वाड्यात १७ जून १६३१ रोजी मुमताज महलने आपल्या चौदाव्या अपत्याला, गौहरारा बेगमला, जन्म दिला आणि त्याच बाळंतपणात तिचा अंत झाला. वय अवघे अडतीस. लग्न १६१२ चे; म्हणजे एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे, आणि त्यांतील निम्मीच मुले जगली. वेणा सुमारे तीस तास चालल्या, असे सांगितले जाते. तिचा देह प्रथम पैलतीरावर, जैनाबादच्या बागेत दफन करण्यात आला. डिसेंबर १६३१ मध्ये तो आग्र्यास नेताना शाहजादा शुजाबरोबर वझीर खान होता, आणि हा वझीर खान पेशाने हकीम होता. राजवैद्य हाताशी असूनही राणी वाचली नाही.

बहुतेक अभ्यासक या मृत्यूचे कारण प्रसूतिपश्चात रक्तस्राव हेच मानतात. वारंवारची बाळंतपणे आणि लांबलेल्या वेणा यांनी थकलेले गर्भाशय वार पडल्यावर आकुंचन पावत नाही व उघड्या रक्तवाहिन्या मिटत नाहीत. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. तेव्हा निर्णयासाठी हाती असतात ती मिनिटे, तास नव्हेत. हे संकट केवळ आपल्याकडचे नव्हते. इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राणी जेन सीमूर हिने १२ ऑक्टोबर १५३७ रोजी राजपुत्र एडवर्डला जन्म दिला आणि बाराव्या दिवशी तीही निवर्तली. वैभव दोन्हीकडे होते. उपाय कोठेच नव्हता.

आज उपाय आहे. प्रसूती होताच ऑक्सिटोसिनचे १० युनिटांचे इंजेक्शन, गर्भाशयाचे मर्दन, रक्तस्राव सुरू झाल्यास तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, आणि वेळेवर रक्त. तरीही २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण महाराष्ट्रात ३३, तर मध्य प्रदेशात १७३ होते. आपण या दोन राज्यांच्या सीमेवर राहतो. सातपुड्यातील पाड्यावरून निघालेली गरोदर स्त्री रुग्णालयापर्यंत वेळेत पोहोचते की नाही, यावर हा आकडा ठरतो.

म्हणून वाचकांस दोन विनंत्या. मुलांना घेऊन एकदा हा वाडा, कुंडी भंडारा व पैलतीरावरील आहुखाना अवश्य पाहावा. लोकांची ये-जा राहिली तरच अशा वास्तूंची निगा राखली जाते. आणि आपल्या घरात, शेतावर वा शेजारी कोणी गरोदर असेल, तर तिचे हिमोग्लोबिन तपासले आहे का, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर आहे का आणि आयत्या वेळी गाडी कोणाची व रक्त कोण देणार, हे नवव्या महिन्यापूर्वीच विचारून ठेवावे. बादशहाच्या पत्नीला जे मिळू शकले नाही, ते आपल्या गावातील मजूर स्त्रीला देणे आज आपल्या हाती आहे.