मातीची साक्ष काढणारी नीरी

नागपुरात सीताबर्डीहून वर्धा रोडने निघालं की राहाटे कॉलनीच्या बाजूला नीरीचं आवार लागतं. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी १९५८ साली सुरू झालेल्या या संस्थेला १९७४ साली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळालं. बंद पडलेले कारखाने जमिनीत काय ठेवून गेले, याची पाहणी करायला इथले शास्त्रज्ञ देशभर गेले आहेत.

उदयपूरजवळचं बिछडी हे त्यातलं एक गाव. कापडाच्या रंगांसाठी लागणारं एच-आम्ल तिथे १९८८-८९ च्या सुमारास बनलं, जेमतेम ३७५ टन. त्यामागे निघाला २,४४० टन गाळ. उत्पादन लवकरच थांबलं, पण उघड्यावरचा गाळ पावसाने जमिनीत मुरवला आणि सुमारे ६० विहिरी नासल्या. नीरीने माती-पाणी तपासून शुद्धीकरणाचा खर्च मांडला. तो कारखानदारांकडूनच वसूल करावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी दिला.

भोपाळचं प्रकरण अधिक अवघड. युनियन कार्बाइडच्या आवारातली ११ लाख टन माती शुद्ध करावी लागेल, असा अंदाज नीरी आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने २०१० साली दिला. भूजलाबद्दल मात्र अहवाल म्हणत होता, की प्रदूषण लगतच्या मोजक्या विहिरींपुरतं आहे. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेला आणखी वस्त्यांच्या पाण्यातही विष सापडलं. असा फरक पडू शकतो. नमुना कुठल्या विहिरीचा, पावसाआधीचा की नंतरचा, किती खोलीवरचा आणि कुठलं रसायन शोधलं, यावर उत्तर बदलतं. म्हणूनच अहवालाच्या निष्कर्षाइतकाच नमुन्यांचा नकाशाही तिथल्या रहिवाशांच्या हाती पडायला हवा.

खुद्द नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आणि इमारती उभ्या आहेत. अशा जुन्या औद्योगिक जमिनींसाठी केंद्राचे नियम यायला जुलै २०२५ उजाडला. संशयित जागांची यादी आता दर सहा महिन्यांनी जिल्हा प्रशासनाने द्यायची आहे आणि प्राथमिक तपासणी ९० दिवसांत व्हायची आहे. यादीत नाव चढल्याशिवाय ते ९० दिवस सुरूच होत नाहीत.