वसई प्रांतांतील वाद्यें व खेळ : एक उपेक्षित साधनवर्ग

वसईच्या मोहिमेचे कागद आमच्या वाचकांच्या पूर्ण परिचयाचे आहेत. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं कोट घेतला आणि फिरंगी चर्चांतील घंटा देशावर गेल्या. नाशकास १७४७ सालीं बांधलेल्या नारोशंकराच्या देवालयावरील घंटेवर १७२१ हें साल आहे. वाईनजीक मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूस कडेवर घेतलेली मेरी आजही स्पष्ट दिसते. या घंटांवर पुष्कळ लिहिलें गेलें, व तें योग्यच झालें. परंतु घंटा हें मुळांत वाद्य आहे, आणि तिच्यावर साल कोरतात, वाजविणाऱ्याचें नांव कोरीत नाहींत. धातु टिकला म्हणून तो साधन ठरला; जें टिकाऊ नव्हतें त्याची वाट आम्हां संशोधकांकडून चुकली, असें म्हणणें प्राप्त आहे.

याचें उत्तम उदाहरण तारपा होय. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचें पोट, त्यास जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आंत जिभल्या, सांध्यांस मेण आणि शेवटीं ताडपत्राचा रुंद कर्णा, इतकीच त्याची सामग्री. वादक फुंक तुटूं न देतां दोन्ही हातांच्या बोटांनीं स्वर बदलतो, व नाचणारे स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्याभोंवतीं फेर धरितात. भाताच्या हंगामाशीं या नाचाचा निकट संबंध आहे. वारली चित्रांत हा फेर सर्वत्र आढळतो, व चित्राच्या मध्यभागीं वादकही असतो, पण निनांवी. २०१४ सालीं ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांतील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां अशा एका वादकाचें नांव सरकारी दप्तरांत ठळकपणें चढलें. त्यांच्या आधींच्या पिढ्यांचे तारपे किडीनें व उन्हापावसानें केव्हांच नाहींसे केले. वाद्य गेलें म्हणजे वादकाची आठवणही फार काळ मागें रहात नाहीं.

वसई तालुक्यांत दुसरा एक प्रवाह आहे. सामवेदी अथवा कादोडी बोली बोलणाऱ्या समाजांत लग्नाचीं गाणीं बायकांच्या तोंडीं चालत आलीं. धर्म वेगळे झाले तरी बोली एकच राहिली, हें भाषाभ्यासकांनीं विसरूं नये. ख्रिस्ती लग्नांत व चर्चच्या सणांत त्या गाण्यांच्या जोडीला पितळी वाद्यांचा बँड आला. हा बँड म्हणजे केवळ विलायती अनुकरण, असें समजणारे विद्वान आहेत. त्यांनीं एकदां वसईस जाऊन तो ऐकावा.

खेळांची गोष्ट याहून निराळी नाहीं. १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस आगगाडी सुरू झाली, व पुढें तोच मार्ग खेळणाऱ्या मुलांचाही झाला. विरारच्या पृथ्वी शॉ यानें २०१३ च्या नोव्हेंबरांत हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यांत ५४६ धावा केल्या. तो पुढें कसोटीवीर झाल्यामुळें त्या विसरणें शक्य नाहीं. पण शेजारच्या कल्याणास २०१६ च्या जानेवारींत प्रणव धनावडे यानें भंडारी चषकाच्या सामन्यांत नाबाद १००९ धावा केल्या, व १८९९ सालचा कॉलिन्स याचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. चार दिवस त्याचें नांव जगभर गाजलें. आज तें किती जणांस आठवतें? कॉलिन्सचा सामनाही शाळेंतील मुलांचाच होता. त्याच्या धावांची मोजणी अगदीं बिनचूक होती किंवा नाहीं याविषयीं गुणलेखक स्वतःच साशंक होता असें सांगतात, व पाठभेदांवर वाद घालणाऱ्या आम्हांस ती शंका फारशी अपरिचित वाटूं नये. तथापि गुणपत्रिका राहिली, म्हणून शंका तरी उरली. गांवच्या पटांगणांत खेळलेल्या हुतूतूचा गुणलेख बहुधा खडूनें फळ्यावर होतो आणि दुसऱ्या दिवशीं पुसला जातो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुन्या घरांतील दप्तरें पाहतांना फक्त मोडी रुमालच उचलूं नयेत. बँडवाल्यांच्या स्वरलेखनाच्या वह्या, लग्नगीतांच्या हस्तलिखित वह्या, सामन्यांचीं हस्तपत्रकें, क्रीडामंडळांच्या जमाखर्चाच्या चोपड्या व सुपारी ठरविल्याच्या चिठ्ठ्या यांस रद्दी समजूं नये. जमाखर्चांत वादकाची बिदागी व खेळाडूचें गाडीभाडें यांबरोबर त्यांचीं नांवेंही येतात, आणि तीं दुसरीकडे क्वचितच मिळतात. संघाचें अगर बँडाचें छायाचित्र हातीं आल्यास तें गांवांतील वृद्धांस दाखवावें, व ते सांगतील तीं नांवें, डावीकडून उजवीकडे, सांगणाराच्या नांवासह व तिथीसह पाठीमागें शिसपेन्सिलीनें लिहावींत; शाई पुढें फुटते.