चितपट होण्याची रोजंदारी

पहाटे ४.३०

तालमीत गजर लावावा लागत नाही. आधी उठलेली पोरं हौद्यातली माती खोऱ्यानं उकरायला लागली की वासानंच जाग येते. हळद, लिंबू, ताक, तेल पिऊन वर्षानुवर्षं मुरलेली माती. माझं वय आता तिशीपल्याडचं. गावी घर आहे, बायको-पोरं आहेत. पण मालिकेचं काम चालू आहे तोवर मुक्काम कोल्हापुरात, याच तालमीत. मालिकेत मी सावकाराचा उजवा हात आहे. भूमिकेला नाव आहे, पण त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही. “ए, उचल त्याला,” एवढ्यावर भागतं.

५.००

जोर, बैठका, सपाट्या. त्यात काही चुकवत नाही. चुकवतो ती लढत. मालिकेतला आजचा प्रसंग कालच्याच प्रसंगाचा पुढचा भाग आहे, म्हणजे पडद्यावर दोन्हींत मिनिटाचंही अंतर नाही. काल माझ्या कपाळावर ओरखडा नव्हता, म्हणून आजही असता कामा नये. याला ते लोक कंटिन्युइटी म्हणतात. खडाखडीत दोन पैलवानांची कपाळं एकमेकांवर घासतात, कधी फुटतात. तिथं कंटिन्युइटी कोण सांभाळणार? मग मी जोडीला नखं कापलेला, हलका पोरगा घेतो आणि डोकं मागं ठेवून हात चालवतो.

वस्तादांच्या नजरेतून हे सुटत नाही.

“पैलवान, तोंड वाचवून कुस्ती हुती व्हय?”

“शूटिंग हाय वस्ताद.”

“मग तिकडंच जा. हितं पोरांस्नी वंगाळ सवय लागंल.”

ते रागानं बोलत नाहीत, म्हणून जास्त लागतं. मालिकेला माझं अंग हवंय. अंग टिकवायचं तर तालीम हवी. तालमीत मनापासून उतरलो तर तोंड फुटतं, आणि फुटलेलं तोंड मालिकेला चालत नाही. फुटलेले कान मात्र चालतात. उलट कॅमेरावाले ते मुद्दाम घेतात.

७.१५

आंघोळ, बदामाची थंडाई, मग गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. कट्ट्यावरची माणसं मालिका बघतात. “काल लई मार खाल्लासा,” एकजण म्हणतो. ज्या हिरोनं मला मारलं त्याचं वजन माझ्या निम्मं असेल, हे त्यालाही दिसतं. तो हसत नाही, हळहळतो. हसला असता तर बरं झालं असतं.

८.२०

मोटारसायकलवरून चित्रनगरीकडं निघताना वाकडी वाट करून खासबागेवरून जातो. १९१२ साली शाहू महाराजांनी हे मैदान बांधून घेतलं. बसायच्या पायऱ्या अशा की शेवटच्या माणसालाही हौद्यातला डाव दिसावा. आणि त्याला पाठ लावून महाराजांनीच उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि नाटक, मध्ये एक भिंत. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहाला आग लागली तेव्हा खासबागेचं व्यासपीठही जळालं.

या गावात सिनेमाही असाच तालमीच्या शेजारी वाढला. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ साली प्रभात इथंच सुरू झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला. भालजींनी १९६९ साली ‘तांबडी माती’ काढला तो कुस्तीच्या मातीवरच. दादा कोंडके त्यात पहिल्यांदा पडद्यावर आले. तेव्हा कोल्हापूरच्या पैलवानाला अभिनय करावासा वाटला तर कुणी तोंडात बोट घालू नये. भिंत एकच आहे. ओलांडताना पाय कुठं अडकतो, ते दिवसभरात कळतं.

९.००

मोरेवाडीची चित्रनगरी. शिफ्ट नऊ ते नऊ. मेकअपच्या खोलीत माझं काम चटकन होतं: मिशीला पीळ, गालावर एक खोटा व्रण. सकाळी खरा ओरखडा टाळायचा आणि नऊ वाजता खोटा रंगवून घ्यायचा.

आरशासमोर बसल्यावर फोन बघतो. कास्टिंगवाल्यांचे दोन निरोप आहेत. एक मुंबईतून बॉडीगार्डसाठी, एक पौराणिक मालिकेतल्या राक्षसासाठी. मजकूर नेहमीचाच: उंची, वजन, शर्ट काढून समोरून आणि बाजूनं फोटो. आवाज कुणी मागितलेला नाही.

११.३०

अजून माझा शॉट नाही. मालिकेच्या कामात निम्मा वेळ वाट बघण्यात जातो आणि पैलवानाला ते सर्वांत जड पडतं. कुस्तीत अंग गरम केलं की पाच-दहा मिनिटांत सोक्षमोक्ष. इथं अंग गरम करून दोन तास खुर्चीत.

मेकअपदादा जुने आहेत. मला बसलेला बघितला की ते दारासिंगांचा विषय काढतात. पैलवान पडद्यावर टिकतो का, या प्रश्नाला भारतात पहिलं उत्तर तेच. १९६२ चा ‘किंग काँग’, १९६३ चा ‘फौलाद’, मुमताजबरोबर डझनाहून जास्त सिनेमे. सिनेमे चालू असताना कुस्तीही चालूच. १९६८ साली मुंबईत लू थेझला हरवलं तेव्हा ते पडद्यावरचे जुने नट झाले होते. १९७६ साली ‘बजरंगबली’त हनुमान आणि अकरा वर्षांनी रामानंद सागरांच्या ‘रामायणा’त, साठीच्या उंबरठ्यावर, पुन्हा हनुमान.

“त्यांना जमलं, मग तुम्हाला का नाही?” दादा विचारतात.

मी सांगतो, ते दोन्ही प्रकारची कुस्ती खेळले होते. ते १९५४ चे रुस्तम-ए-हिंद. पण सिंगापूरपासून तिकीट लावून होणाऱ्या फ्रीस्टाइलच्या दंगलीतही घडले. तिथं जिंकायचं असतंच, शिवाय लोकांना दाखवायचंही असतं. आमच्या मातीतल्या कुस्तीत दाखवणं नाही. दादांना हे पटत नाही. दुपारच्या शॉटला त्यांना पटेल.

१.३०

जेवण. स्पॉटदादा माझ्यासाठी सहा उकडलेली अंडी वेगळी ठेवतात, त्यांचे उपकार. बाकी भात, भाजी, पातळ आमटी. तालमीत या वेळी जेवून दोन तास झोप असते. खुराक अंगी लागतो तो झोपेत. चारला उठून पुन्हा मेहनत. सेटवर दुपारची झोप नाही आणि संध्याकाळची तालीमही नाही. आमच्यातला एकजण या फेऱ्यात सापडला. काम वाढलं, तालीम सुटली, पोट सुटलं, आणि मग पोट सुटलं म्हणून काम गेलं. परत मैदानात उतरायला दम उरला नव्हता.

३.००

आजचा मोठा शॉट. हिरो मला उचलून आपटतो. प्रत्यक्षात मीच उडी मारायची, त्यानं फक्त हात लावायचा. खाली माती भुसभुशीत केलेली आणि तिच्याखाली गादी. फाइट मास्तर समजावतात: उडी, हवेत अंग सैल, पाठीवर सपाट पड, तोंड वर, कॅमेरा वरून आहे.

ॲक्शन. मी उडतो आणि हवेतच वळून पालथा पडतो.

“कट! दादा, पालथे का पडलात?”

दुसरा टेक. पुन्हा पालथा. तिसऱ्याला कुशीवर. सगळे हसतात. मीही हसतो, पण मला ठाऊक आहे की ही चेष्टा नाही. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की संपलं. गुण नाहीत, पुढची फेरी नाही. दहाव्या वर्षी हौद्यात उतरलेल्या पोराला वस्ताद पहिली गोष्ट ही शिकवतात: कसाही पड, पाठीवर पडू नको. मानेचा पूल करून, कोपर टेकवून, मातीत तोंड खुपसून, काहीही करून पाठ वाचव. पुढं ते डोक्यानं करायचं काम राहत नाही; अंगच परस्पर वळतं. आणि इथं मला पाठ टेकवण्याचे पैसे मिळतात.

फाइट मास्तर मला बाजूला घेतात. त्यांनी मुंबईत पुष्कळ पैलवान बघितलेत.

“पैलवान, अमेरिकेतल्या त्या डब्ल्यूडब्ल्यूईवाल्यांना पहिल्या दिवशी काय शिकवतात? पाठीवर पडायला. बंप म्हणतात त्याला. सपाट पडायचं, आवाज मोठा आला पाहिजे, समोरचा ताकदवान दिसला पाहिजे. तुम्ही जिंकायला शिकलात, ते दुसऱ्याला जिंकवायला शिकतात.”

अख्ख्या दुपारचं सार त्यात आहे. त्यांच्यातला रॉडी पायपर १९८८ साली ‘दे लिव्ह’ हा सिनेमा करायला गेला तेव्हा गल्लीतली ती पाचेक मिनिटांची मारामारी त्याला परकी नव्हती. मार खाल्ल्याचं सोंग वठवणं हा त्याचा रोजचा धंदा होता. रॉकला २००१ मध्ये ‘द ममी रिटर्न्स’मध्ये थोडंसंच काम मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो ‘द स्कॉर्पियन किंग’चा नायक झाला, हजारो लोकांसमोर माइक धरून बोलायची सवय त्याला रिंगमध्येच लागलेली होती. त्यांची कुस्ती म्हणजे मारामारीचं नाटक. म्हणून ती माणसं नट व्हायला निघतात तेव्हा त्यांचा अर्धा रस्ता झालेला असतो. माझा अर्धा रस्ता उलट्या दिशेनं झालाय.

चौथ्या टेकला मी डोळे मिटून उडी मारतो. पाठ सपाट लागते. “ओके!” टाळ्या पडतात. पाठीला माती लागून टाळ्या मिळण्याची सवय अजून झालेली नाही.

५.००

चहा. पाठ ठणकते आहे. अंग मोठं असलं की ते दुखत नसेल, असा सेटवर सगळ्यांचाच समज असतो. त्याच अमेरिकी कुस्तीतला आंद्रे द जायंट १९८७ च्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये राक्षसासारखा दिसतो, पण तेव्हा त्याची पाठ इतकी गेलेली होती की वरून पडणारी नायिका झेलायच्या प्रसंगात तिला तारांचा आधार द्यावा लागला. बघणाऱ्याला तारा दिसत नाहीत.

७.००

आज मला एक वाक्य आहे. सावकार एका पोराला खांबाला बांधतो आणि मला मारायला सांगतो. मी म्हणायचं: “मालक, पोरगं खोटं बोलत न्हाई.” आठवडाभर पाठ करतोय.

म्हणतो. दिग्दर्शक मॉनिटरवरून उठून येतात. “वाक्य बरोबर आहे. पण बोलायच्या आधी तुम्हाला त्या पोराची दया येते, ती मला दिसायला हवी. आधी चेहऱ्यावर, मग तोंडात.”

पुन्हा तीच भिंत. खडाखडीत माझी नजर समोरच्याच्या पायाकडं गेली, तर पट येतोय हे त्याला कळतं आणि डाव वाया जातो. म्हणून चांगल्या पैलवानाच्या तोंडावर काही नसतं. मनात ढाक असेल तर नजरेत घिस्सा ठेवायचा. आणि हा माणूस म्हणतो, डाव टाकायच्या आधी मला सांग.

फाइट मास्तरांनी मागं एकदा डेव्ह बटिस्टाचा ‘ब्लेड रनर २०४९’मधला सुरुवातीचा प्रसंग दाखवला होता. पहाडासारखा माणूस, नाकावर बारीक चष्मा. मारामारीही करतो, पण लक्षात राहतं ते त्याआधीचं बसणं आणि बोलणं. २०१० मध्ये कुस्ती सोडल्यावर ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ येईपर्यंत त्याची चार वर्षं गेली. अंगाच्या जोरावरच त्यालाही आत घेतलं असेल. टिकला तो अंग मागं ठेवून.

मी त्या पोराकडं बघतो. त्याचे हात खरंच काचलेत. हौद्यात समोरच्याचा खांदा निखळताना बघितल्यावर जे आत होतं, ते आठवतो आणि या वेळी लपवत नाही. वाक्य किंचित उशिरा येतं. दिग्दर्शक काही बोलत नाहीत, पुढच्या शॉटची लाइट मागवतात. सहायक मुलगी मला खूण करते: झालं.

९.१०

पॅकअप. व्हाउचरवर सही. पैसे साधारण तीन महिन्यांनी येतील, ही मालिकेची रीत. जत्रेच्या मैदानात कुस्ती झाली की इनाम तिथंच हातावर पडतं, फेट्यासकट. पण हंगाम उन्हाळ्यापुरता, आणि एकदा गुडघा गेला की तोही नाही. मालिकेचे पैसे उशिरा येतात, पण पावसाळ्यातही येतात. पोरांच्या शाळेची फी त्यातूनच जाते. म्हणून मी इथं आहे. कलेची ओढ नंतर लागली.

१०.१५

तालमीत परत. फोनवर तिसरा निरोप: एका मालिकेत सासर सोडून आलेल्या मुलीचा बाप. दोन प्रसंग. “साधा शर्ट घाला. चेहरा स्पष्ट दिसावा. टेप आज रात्रीच पाठवा.” मी निरोप परत वाचतो, उंची-वजन खरंच विचारलेलं नाही. मला दारासिंगांचा २००७ चा ‘जब वी मेट’ आठवतो. त्यातले आजोबा कुणाला उचलत नाहीत, कुणाला आपटत नाहीत. घरात असतात आणि घर त्यांच्याभोवती फिरतं.

समोरून मुलीचे संवाद वाचायला कुणीतरी हवं. नव्वद किलोचा पोरगा कागद धरून उभा राहतो आणि घोगऱ्या आवाजात म्हणतो, “बाबा, मी परत जाणार नाही.” खोलीभर हसू फुटतं. टेप वाया.

आवाज ऐकून वस्ताद दारात येतात.

“ह्यात मारामारी हाय?”

“न्हाई वस्ताद.”

“पाठ टेकायची हाय?”

“न्हाई.”

ते आत येऊन कट्ट्यावर बसतात, पोरांना गप्प करतात आणि मला म्हणतात, “मग त्या मोबाइलकडं काय बघतोस? पोरीकडं बघ.”