औषधात प्राणिज घटक आहे, मग घेऊ की नको?

कॅप्सूलचे कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते, हे कळल्यावर औषध बंद करणारे रुग्ण आम्हाला अधूनमधून भेटतात. प्राण्यांना इजा होईल असे काही वापरायचे नाही, असे ठरवून त्यांनी चामड्याच्या चपला सोडलेल्या असतात, कधी दूधही. त्यांच्या निश्चयाबद्दल आमची तक्रार नाही. अडचण ही की औषध बंद केल्याचे ते सांगत नाहीत. डॉक्टर हसतील किंवा रागावतील अशी भीती असते (ती अगदीच खोटी नाही, हेही कबूल करायला हवे). मग रक्तदाब वाढलेला दिसतो, आम्ही डोस वाढवतो आणि मूळ कारण तसेच राहते.

म्हणून आधी बोला. पुष्कळदा मार्ग निघतो.

पर्याय कुठे मिळतो?

कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. काही कंपन्या वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेले कवच वापरतात, आणि अनेक औषधे गोळी किंवा पातळ औषधाच्या रूपातही येतात. मात्र घरी कॅप्सूल उघडून पूड पाण्यात घालू नका. काही कॅप्सूलमधल्या दाण्यांवर लेप असतो. औषध हळूहळू सुटावे किंवा जठरातल्या आम्लापासून वाचावे, हे त्या लेपाचे काम.

ड-3 जीवनसत्त्व साधारणपणे मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलापासून केलेले ड-3 मिळते, पण महाग असते. इन्सुलिनची चिंता आता नको. पूर्वी ते डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत. 1982 मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला परवानगी मिळाली. आज मिळणारे इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडूनच बनवून घेतलेले असते.

पर्याय नसेल किंवा अडचणीचा असेल तर?

रक्ताची गुठळी झाल्यावर देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून मिळते. त्याऐवजी फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेले इंजेक्शन किंवा काही गोळ्या चालू शकतात, पण सर्वांना नाही. गर्भवतीला या नव्या गोळ्या देत नाहीत. अशा वेळी हेपॅरिन नाकारल्यास गुठळी फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो.

क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनी सूज, असलेल्यांना पचनासाठी देतात ते पॅनक्रिएटिन डुकरापासूनच येते. पपईच्या एन्झाइमच्या गोळ्या त्याची जागा घेत नाहीत. ते सोडले की वजन घटते आणि शौच तेलकट होते. सर्पदंशावरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून करतात आणि त्याला आज दुसरा इलाज नाही. कुत्रा खोल चावला असेल तर जखमेत द्यायचे रेबीजचे सीरमही बहुधा घोड्याचेच असते. घोड्याशिवाय बनवलेली अँटिबॉडी भारतात मिळते, पण ती शोधण्यात वेळ घालवू नका. जे हाताशी असेल ते घ्या.

इंग्लंडमधल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ अशी अट आहे. प्रतिविष घेतल्याने तुमचे व्रत मोडत नाही.

बोलून काही बदलते का?

कुत्रा चावल्यावर पोटात 14 इंजेक्शने, ही भीती घरातल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून करत. तिने क्वचित लकवाही होई. 2004 च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले आणि पेशींवर वाढवलेली लस सगळीकडे आली. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात 2014 मध्ये बंद झाली. 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत मानवी पेशींवरच्या आणि संगणकावरच्या चाचण्यांना जागा मिळाली. खाद्यपदार्थांसारखी शाकाहाराची हिरवी खूण औषधांवर बंधनकारक नाही. त्यामुळे घटक कशापासून केला, हे वेष्टनावर दिलेल्या क्रमांकावर कंपनीला विचारा. औषधविक्रेत्याला दरवेळी माहीत असेलच असे नाही.

दूध सोडले असेल तर

इथे मात्र मी आग्रही आहे. ब-12 जीवनसत्त्व वनस्पतींत भरवशाचे मिळत नाही. मोड आलेली कडधान्ये किंवा स्पिरुलिना त्यासाठी पुरत नाहीत. पायाला मुंग्या, तोल जाणे, जीभ सोलवटणे, विसराळूपणा ही लक्षणे हळूहळू येतात, आणि उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. गोळीतले ब-12 जिवाणूंपासूनच बनते, म्हणून तत्त्वाचाही प्रश्न येत नाही. फक्त ती गोळी असावी, जिलेटिनची कॅप्सूल नको. गर्भवती असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा, कारण आईच्या कमतरतेचा फटका बाळाच्या मेंदूला बसतो.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर तुमचा आग्रह पूर्वतपासणीच्या दिवशीच सांगा. कॅटगट हा टाके घालायचा धागा आतड्यापासून बनतो आणि त्याला पर्याय सहज मिळतो. हृदयाची झडप बदलायची असेल तर प्रश्न मोठा आहे. जैविक झडप डुकराच्या किंवा गाईच्या ऊतीची असते. धातूची घेतली तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. त्यासाठी सर्जनकडे वेगळी वेळ मागा आणि घरातल्या एकाला सोबत न्या.