अर्धे बाजूला सारा, उरलेल्यात शोधा

एक खेळ खेळून पाहा. मित्राला १ ते १००० यांपैकी कोणतीही एक संख्या मनात धरायला सांगा. ती ओळखण्यासाठी तुम्ही फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. किती प्रश्न लागतील?

“३७ आहे का? ४१२ आहे का?” असे विचारत बसलात, तर संध्याकाळ होईल! कारण प्रत्येक ‘नाही’बरोबर एकच संख्या बाद होते. त्याऐवजी “५०० पेक्षा मोठी आहे का?” असे विचारा. आता उत्तर काहीही येवो, ५०० संख्या एकदम बाद होतात. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करा. १००० च्या ५००, मग २५०, १२५, ६३, ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटी १. मोजून पाहा, दहा प्रश्नांत संख्या हाती आली. संख्या दहा लाखांपर्यंतची असली, तरी फक्त वीस प्रश्न पुरतात.

संगणकाला शिकवलेली युक्ती

संगणकाकडून काम करून घ्यायचे, तर त्याला एकापुढे एक अशा आज्ञा लिहून द्याव्या लागतात. ही आज्ञावली म्हणजेच प्रोग्रॅम, आणि ती लिहिणारा तो प्रोग्रॅमर. क्रमाने लावलेल्या यादीतून हवी ती नोंद काढण्यासाठी प्रोग्रॅमर हीच अर्ध्या-अर्ध्याची रीत वापरतात. १९४६ साली अमेरिकेत संगणकावर जी पहिली व्याख्याने झाली, त्यांत जॉन मॉकली या शास्त्रज्ञाने ती सांगितली होती.

पण प्रोग्रॅमरला ही रीत आणखी एका कामासाठी लागते. ते काम म्हणजे स्वतःची चूक शोधणे! समजा, एक आज्ञावली विद्यार्थ्यांचे गुण घेते, बेरीज करते, टक्के काढते आणि श्रेणी छापते. छापलेली श्रेणी चुकीची आली. चूक कोठे असेल? अनुभवी प्रोग्रॅमर पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाही आणि अंदाजाने कोठेही बदलही करत नाही. तो मधोमध थांबून बेरीज छापून पाहतो. बेरीज बरोबर असेल, तर चूक पुढच्या अर्ध्यात असणार. बेरीजच चुकली असेल, तर मागच्या अर्ध्यात. २००५ साली तयार झालेल्या ‘गिट’ नावाच्या साधनात तर यासाठी एक खास आज्ञाच आहे. आज्ञावलीत केलेल्या शेकडो बदलांपैकी नेमक्या कोणत्या बदलाने बिघाड झाला, हे ती अर्धे-अर्धे करीत शोधून देते.

वाण्याची वही आणि विजेची तार

आता संगणक बाजूला ठेवा. वाण्याकडून महिनाभर उधारीवर माल आणला. महिनाअखेरीस त्याच्या वहीतली बाकी आणि घरच्या वहीतली बाकी जुळेना. दोन्ही वह्यांत ६४ नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीपुढे तोपर्यंतची बाकी लिहिली आहे. बहुतेक घरांत मग पहिल्या नोंदीपासून वाचन सुरू होते, आणि थोड्याच वेळात आवाज चढू लागतात!

तुम्ही सरळ ३२ वी नोंद काढा. तेथे दोन्ही बाक्या जुळल्या, तर घोळ त्यानंतरचा आहे. नाही जुळल्या, तर १६ वी नोंद पाहा. सहा वेळा पाहिले, की चुकलेली नोंद सापडते. आणि ‘कोणी चूक केली?’ या वादाऐवजी ‘चूक कोठे आहे?’ हा प्रश्न सुटतो.

वादळात गावाची वीज गेली, की लाइनमनही असेच करतो. उपकेंद्रापासून निघालेली तार कित्येक किलोमीटर लांब असते, आणि तिच्यावर ठिकठिकाणी स्विच बसवलेले असतात. तो मधला स्विच उघडतो आणि उपकेंद्राला पुरवठा चालू करायला सांगतो. पुरवठा टिकला, तर अलीकडचा अर्धा भाग निर्दोष. लगेच बंद पडला, तर बिघाड अलीकडेच आहे. तारेचे आठ भाग असले, तर अशा तीन चाचण्या पुरतात. मग पावसाचिखलातून सगळी तार पायी तपासण्याऐवजी एकच भाग तपासावा लागतो. अर्थात हे काम त्याचेच. विजेच्या तारांवर तुम्ही कधीही प्रयोग करू नका.

रीत कोठे फसते?

ही रीत म्हणजे जादू नव्हे; तिला अटी आहेत. पहिली अट क्रमाची. शब्दकोशात शब्द चटकन सापडतो, कारण शब्द क्रमाने लावलेले असतात. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा विस्कटलेला असेल, तर मधली उत्तरपत्रिका पाहून काहीच कळत नाही. दुसरी अट एकाच चुकीची. वहीत एका नोंदीत २० रुपये जास्त आणि पुढे दुसरीत २० रुपये कमी पडले असतील, तर बाकी पुन्हा जुळते आणि आपण फसतो. तिसरी अट चाचणीच्या खरेपणाची. एकदा दिसणारा आणि एकदा न दिसणारा बिघाड या रीतीने पकडता येत नाही.

जेव्हा चाचण्याच अपुऱ्या पडतात

एका चाचणीत पुष्कळांना बाद करण्याची हीच कल्पना वैद्यकातही उपयोगी पडते. १९४३ साली अमेरिकेत रॉबर्ट डॉर्फमन यांनी सुचवले, की सैन्यभरतीतील प्रत्येकाचे रक्त वेगळे तपासण्याऐवजी अनेकांचे थोडे थोडे रक्त एकत्र करून तपासावे. मिश्रणात दोष नसेल, तर सगळे एकदम मोकळे! दोष आढळला, तरच त्या गटातील प्रत्येकाची वेगळी तपासणी करायची.

२०२० साली करोनाची साथ आली आणि चाचण्यांचे साहित्य अपुरे पडू लागले. तेव्हा एप्रिलमध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हाच मार्ग सुचवला. एका मिश्रणात जास्तीत जास्त ५ नमुने घ्यावेत, असे तिने सांगितले. समजा, १०० जणांत २ बाधित आहेत. पाच-पाचांचे २० गट केले, की २० चाचण्या. दोषी निघालेल्या फार तर २ गटांच्या आणखी १०. म्हणजे १०० ऐवजी ३० चाचण्यांत काम झाले.

पण १०० जणांत २० बाधित असले आणि ते प्रत्येक गटात एक असे विखुरलेले असले तर? प्रत्येक गट दोषी निघेल आणि चाचण्या लागतील २० अधिक १००, म्हणजे १२०! म्हणूनच बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक असेल तेथे ही रीत वापरू नये, असेही परिषदेने बजावले होते. युक्ती माहीत असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती केव्हा लागू पडते हे ओळखणेही महत्त्वाचे.

तेव्हा पुढच्या वेळी सायकलचा दिवा लागेना किंवा गणिताचे उत्तर जुळेना, तर घाईने अंदाज बांधू नका. आधी स्वतःला विचारा: “कोणती एक गोष्ट तपासली, तर अर्ध्या शंका मिटतील?”

आता एक कोडे. दिसायला सारख्या नऊ गोळ्या आहेत. त्यांतली एक किंचित जड आहे. साधा तराजू फक्त दोनदा वापरून ती शोधून काढा. येथे अर्धे-अर्धे करून भागणार नाही. तराजू किती प्रकारची उत्तरे देऊ शकतो, याचा नीट विचार करा, म्हणजे वाट सापडेल!